बारा व्होल्टच्या जागी दोन दिसले म्हणून एसएमपीएस बदलू नका

गेले काही दिवस व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. मला तो तीन ग्रुपांवर आला, त्यातला एक तर सोसायटीचा. मजकूर थोडक्यात असा: 'लिनक्सवर सेन्सर्स ही कमांड द्या. १२ व्होल्टच्या जागी २ दिसले किंवा ओळीपुढे अलार्म आला तर एसएमपीएस गेला, लगेच बदला. प्रोसेसर ६० अंशांच्या वर म्हणजे पेस्ट सुकली. फॅन शून्य म्हणजे फॅन जळाला. फॅन कायम फुल स्पीडला ठेवा. आणि सेन्सर्स-डिटेक्ट चुकूनही चालवू नका, मदरबोर्ड मरतो.'

सेन्सर्स ही कमांड मशीनमधले व्होल्टेज, तापमान आणि फॅनचा वेग दाखवते, आणि सेन्सर्स-डिटेक्ट हे मोजणाऱ्या चिपा शोधतो. एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, आणि पेस्ट म्हणजे प्रोसेसर आणि त्यावरच्या हीटसिंकच्या मधला उष्णता वाहणारा लेप. मेसेज हसून सोडून दिला असता. पण अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये लिनक्सचं मशीन बघायला गेलो, तर मालकांनी टेबलाखालून एक एसएमपीएस काढून दाखवला. मेसेज वाचून बदललेला. नव्यावरही आकडा तोच, २.०२. दुकानदार म्हणे, हाही पीस डिफेक्टिव्ह दिसतोय, दुसरा देतो. तिसरा यायच्या आत मी पोचलो, एवढंच.

म्हणून आधी व्होल्टेज. १२ व्होल्टच्या तारेवर खरोखर २ व्होल्ट असते, तर तो आकडा वाचायला मशीन चालू राहिलंच नसतं. मग २.०२ आले कुठून? मदरबोर्डवर आयटीई किंवा नुव्होटॉन अशा कंपनीची सुपर आय-ओ चिप असते, ती हे व्होल्टेज मोजते. तिला जेमतेम दोन ते चार व्होल्टपर्यंतच मोजता येतं. म्हणून बोर्ड बनवणारे मध्ये दोन रेझिस्टर टाकून व्होल्टेज वाटून घेतात. १० किलोओहम आणि २ किलोओहमची जोडी असेल, तर चिपपर्यंत सहावा हिस्सा पोचतो. २.०२ गुणिले ६ म्हणजे १२.१२. एटीएक्स या डेस्कटॉपच्या एसएमपीएसच्या मानकाप्रमाणे १२ व्होल्टला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, ११.४ ते १२.६. टेबलाखाली पडलेला तो एसएमपीएस ठणठणीत होता.

हे गुणोत्तर चिपला माहीत नसतं, ती वाचणाऱ्या लिनक्सच्या ड्रायव्हरलाही नसतं, कारण ते बोर्डागणिक बदलतं. ते सांगायचं काम आपलं. लिनक्सच्या सेटिंगच्या फाइली इटीसी नावाच्या फोल्डरात असतात, त्याच्या आत सेन्सर्स डॉट डी नावाचा फोल्डर असतो, त्यात आपली चार ओळींची फाइल ठेवायची: आधी चिपचं नाव, मग लेबलच्या ओळीत त्या इनपुटला '१२ व्होल्ट' असं नाव, मग कम्प्यूटच्या ओळीत दोन सूत्रं, वाचताना गुणिले ६ आणि मर्यादा लिहिताना भागिले ६. कुठल्या इनपुटला काय जोडलंय ते कळायला बायोसमधलं, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमधलं, हार्डवेअर मॉनिटरचं पान उघडून आकडे ताडून बघा. मला स्वतःला मल्टिमीटर जास्त आवडतो. तारा रंगीत असतील तर पिवळी १२, लाल ५, नारिंगी ३.३, काळी ग्राउंड. दोन मिनिटांचं काम आहे.

अलार्म ही तर आणखी साधी गोष्ट. चिपमध्ये किमान-कमाल मर्यादा बहुधा कुणी भरलेल्याच नसतात, दोन्ही शून्य. मग शून्याच्या वरचा कुठलाही आकडा मर्यादेबाहेरच जाणार, आणि चिप बिचारी अलार्म म्हणणार. फाइलमध्ये सेटच्या ओळी लिहून खऱ्या मर्यादा द्या, सेन्सर्स कमांड रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) म्हणून 'वजा एस' लावून चालवा, अलार्म गप्प होतो. तसंच कुठे १२७ अंश तापमान दिसलं तर अग्निशमन दलाला फोन नको. चिपच्या त्या पायाला बहुधा सेन्सरच जोडलेला नसतो. त्याच फाइलमध्ये त्याच्यासाठी इग्नोरची ओळ लिहा, म्हणजे तो दिसणार नाही.

आता ६० अंश. हा आकडा कुणी काढला देव जाणे. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, आणि आतला सेन्सर मुळात त्या मर्यादेपासून आपण किती लांब आहोत तेच सांगतो. इंटेलसाठीचा कोअरटेम्प ड्रायव्हर वजाबाकी करून अंश दाखवतो. एएमडीची रायझन ७००० मालिका तर पूर्ण लोडवर ९५ अंशांपर्यंत जाईल अशीच बनवलेली आहे. एएमडीत आणखी एक गंमत आहे. टीसीटीएल म्हणून जो आकडा दिसतो तो फॅन चालवण्यासाठीचा हिशोब आहे, थर्मामीटर नव्हे. जुन्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्सवर तो खऱ्यापेक्षा २० अंशांनी चढा असतो. खरा आकडा टीडायच्या ओळीत बघायचा.

शिवाय हवा. कुठलाही फॅन प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. जानेवारीतल्या सकाळी आपल्याकडे हातमोजे घालायची वेळ येते, आणि मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहवत नाही. तेच मशीन, तेच काम, आणि आकड्यांत सहज वीसेक अंशांचा फरक. पेस्टवर संशय घ्यायचा तर त्याच लोडचा, त्याच हवेतला आधीचा आकडा हाताशी हवा. वर्कशॉपमध्ये तर त्याआधी हीटसिंक बघा. कूलंटचा तेलकट वाफारा आणि धूळ मिळून तिथे चटईच विणली जाते.

फॅन शून्य? बोर्डावरच्या त्या पिनांना फॅन लावलेलाच नसेल, किंवा दोन तारांचा फॅन थेट एसएमपीएसवरून चालत असेल, तर वेग सांगणारी तारच नाही. झाकण उघडा आणि डोळ्यांनी बघा.

सेन्सर्स-डिटेक्टच्या भीतीला मात्र थोडा आधार आहे, तो लपवणार नाही. फार पूर्वी आयबीएमच्या काही थिंकपॅडमध्ये बसवर, म्हणजे चिपा जोडणाऱ्या तारांवर, चाचपणी करताना आतला ईईप्रॉम (माहिती साठवणारी छोटी चिप) बिघडला आणि लॅपटॉप बंद पडले. ती ठेच खऱ्या मशीनांना लागलेली आहे. त्यानंतर प्रोग्रॅम सावध झाला. तो एकेक प्रश्न विचारतो, आधी प्रोसेसर आणि सुपर आय-ओ शोधतो, आणि शेवटी एसएमबसच्या (त्याच प्रकारच्या बसच्या) आधी स्वतःच बजावतो की हा सगळ्यात जोखमीचा टप्पा आहे. तिथे नाही म्हणा. साध्या डेस्कटॉपला लागणारं बहुतेक सगळं तोवर सापडलेलं असतं. खरी काळजी घ्यावी अशी गोष्ट मेसेजमध्ये नाहीच: ड्रायव्हर चढत नाही म्हणून एसीपीआय एन्फोर्स रिसोर्सेस लॅक्स हा पर्याय, जो बायोसने राखलेल्या चिपवरची लिनक्सची बंदी ढिली करतो, बूटच्या ओळीत बिनधास्त टाकणं. मग बायोसचा कोड आणि ड्रायव्हर एकाच चिपवर एकाच वेळी हात घालू शकतात.

राहिला फुल स्पीड. त्यात आवाज वाढतो आणि धूळही जास्त ओढली जाते. प्रोसेसर फार तापला तर तो स्वतःच वेग कमी करतो, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर मशीन बंद करतो, त्याला लिनक्सची परवानगी लागत नाही. तरी फॅनचा ताबा घ्यायचाच असेल तर पीडब्ल्यूएमकॉन्फिग हा प्रोग्रॅम चालवा, पण मशीन मोकळं असताना, कारण कुठला फॅन कुठला ते ओळखायला तो एकेक फॅन थांबवून बघतो. थांबलेल्या फॅनला फिरायला लागण्यासाठी जास्त जोर लागतो आणि फिरत्याला कमी, लोटगाडीसारखं. म्हणून त्याच्या सेटिंगमध्ये मिनस्टार्ट (फिरायला लागण्यासाठी) आणि मिनस्टॉप (फिरत राहण्यासाठी) हे दोन आकडे वेगळे असतात. दोन्ही एकच लिहिलेत तर एखाद्या दिवशी फॅन उभाच राहील.

फाइल लिहून झाली, पडद्यावर १२.१२ दिसलं. मालक बराच वेळ त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नवा एसएमपीएस परत घेतील का हो?" बॉक्सचं सील फोडलेलं होतं.