‘युनिटी संपलं, आजच सोडा’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. आवाज रडवेला. “मामा, ११ दिवस झाले, उडीच जमत नाहीये.”

उडी म्हणजे तिच्या गेममधल्या पात्राची उडी. दीड वर्षापासून ती एकटीच एक प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जायचा गेम, बनवतेय, युनिटीमध्ये. युनिटी हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन. उडी तर तिने कधीच बसवली होती. मग बिघडली कशी? तर बिघडली नव्हती. सगळा गेम ती गोडो या दुसऱ्या, ओपन सोर्स (म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) इंजिनात हलवायला निघाली होती. का, म्हणून विचारलं तेव्हा तिने एक मेसेज पाठवला. तो वाचून माझं डोकं फिरलं. दोन दिवसांत तोच मेसेज मला आणखी तिघांकडून आला आणि त्यातले दोघं तर गेम बनवतही नाहीत.

मेसेजचा सारांश असा. युनिटी आजही प्रत्येक इन्स्टॉलमागे डेव्हलपरकडून पैसे कापते, त्यामुळे छोट्या डेव्हलपरचे गेम पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करून त्यांना बुडवू नका. ‘कल्ट ऑफ द लॅम्ब’सारखे गेम ऑनलाइन दुकानांतून काढून टाकलेत आणि सगळे मोठे डेव्हलपर गोडोत गेलेत. कंपनी बुडतेय, ती बुडाली की युनिटीत बनलेले सगळे गेम बंद पडतील. युनिटीच्या गेममध्ये स्पायवेअर असतं. आणि शेवटी ठळक अक्षरांत: तुमचा प्रोजेक्ट कुठल्याही टप्प्यावर असो, आजच सोडा, दुसऱ्या इंजिनात नेणं आठवड्याभराचं काम आहे.

मी बरीच वर्षं युनिटीत काम करतोय. २०२३ साली कंपनीवर संतापलेल्यांत मीही होतो आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही. कंपनीची बाजू घ्यायची मला काडीची हौस नाही. पण खोटं ते खोटंच.

पहिल्यापासून घेऊ. “आजही प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे कापते.” धादांत खोटं.

१२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटीने ‘रनटाइम फी’ जाहीर केली, १ जानेवारी २०२४ पासून लागू होणारी. फुकटातलं पर्सनल लायसन्स वापरणाऱ्याच्या गेमची वर्षाची कमाई २ लाख डॉलर आणि एकूण इन्स्टॉल २ लाख झाले, की त्यापुढच्या प्रत्येक नव्या इन्स्टॉलला श्रीमंत बाजारपेठांत २० सेंट. सशुल्क लायसन्सवाल्यांना मर्यादा जास्त, दर कमी. आधीच बाजारात आलेले गेमही यात धरलेले. मोबाइलवर फुकट गेम देणाऱ्याचा हिशेब करून बघा. वर्षाची कमाई जेमतेम २ लाख डॉलर आणि मर्यादेच्या वर १० लाख नवे इन्स्टॉल, म्हणजे फी २ लाख डॉलर. आख्खी कमाई तिकडेच. खेळणाऱ्याने एक पैसा दिला नसला तरी डेव्हलपरने द्यायचे. त्यावर कळस म्हणजे एकाच माणसाने पुन्हा इन्स्टॉल केलं तरी मोजणार, असं कंपनीने आधी सांगितलं आणि गदारोळ झाल्यावर लगेच शब्द फिरवला. मेसेजमधली ‘पुन्हा पुन्हा इन्स्टॉल’वाली ओळ तिथून आलेली आहे. तेव्हा ती भीती रास्त होती. आज ती ओळ फिरवणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे.

कारण पुढे काय झालं ते मेसेजमध्ये नाहीच. २२ सप्टेंबर २०२३ ला युनिटीचे वरिष्ठ अधिकारी मार्क व्हिटन यांनी माफी मागणारं जाहीर पत्र लिहिलं. पर्सनलवाल्यांना फी नाही, आणि बाकीच्यांनाही ती फक्त २०२४ मध्ये येणाऱ्या नव्या आवृत्तीपासून पुढे, तीही जास्तीत जास्त कमाईच्या अडीच टक्के. ९ ऑक्टोबरला सीईओ जॉन रिकिटिएलो गेले. मे २०२४ मध्ये सीईओ म्हणून मॅथ्यू ब्रॉमबर्ग आले आणि १२ सप्टेंबर २०२४ रोजी, पहिल्या घोषणेला बरोबर वर्ष होत असताना, त्यांनी गेमसाठीची रनटाइम फी तत्काळ रद्द केल्याचं स्वतःच्या सहीने जाहीर केलं. हे एक निवेदन वाचलं असतं तरी हा मेसेज कुणी लिहिला नसता. पैसे पुन्हा जुन्या पद्धतीने, माणशी लायसन्सवर. २ लाख डॉलरपर्यंत कमाई किंवा निधी असेल तर पर्सनल फुकट. सशुल्क प्रो लायसन्स मात्र २०२५ च्या सुरुवातीला ८ टक्क्यांनी महागलं, वर्षाला माणशी २,२०० डॉलर.

आता तारखा जुळवा. सुधारलेल्या नियमानुसार फी ज्या आवृत्तीला लागणार होती ती म्हणजे युनिटी ६. ती अधिकृतपणे आली १७ ऑक्टोबर २०२४ ला. फी रद्द झाली त्याच्या महिनाभर आधी. जो कर लागू व्हायच्या आत मागे घेतला, तो “आजही कापतात” म्हणून सांगत फिरायचं आणि लोकांना छोट्या डेव्हलपरचे गेम इन्स्टॉल करायलाच घाबरवायचं? नुकसान कुणाचं होतंय? ज्यांची काळजी असल्याचा आव मेसेजमध्ये आणलाय, त्यांचंच.

‘कल्ट ऑफ द लॅम्ब’चं प्रकरण एका ओळीचं आहे. १ जानेवारीला गेम काढून टाकणार, असं त्यांच्या खात्यावरून रागाच्या भरात लिहिलं गेलं होतं, मग तसं करणार नसल्याचं त्यांनीच सांगितलं. गेम विकला जातोय.

“सगळे गोडोत गेले.” काही गेले, हे खरं. ‘स्ले द स्पायर’वाल्या मेगा क्रिटने दोनेक वर्षांचं युनिटीतलं काम बाजूला ठेवून दुसरा भाग गोडोत बनवायला घेतला. ‘टेरारिया’वाल्या री-लॉजिकने गोडो आणि एफएनए (गेम बनवायचं आणखी एक ओपन सोर्स साधन) या दोन्ही प्रकल्पांना प्रत्येकी १ लाख डॉलर दिले, वर दरमहा मदत. पण टेरारियाचा मूळ पीसी गेम युनिटीत नव्हताच, तेव्हा ‘सोडून गेले’ कसं म्हणायचं? आणि मेगा क्रिटच्या पाठीशी पहिल्या गेमची कमाई होती, ती घरात एकटं बसून गेम बनवणाऱ्याकडे नसते. दुसऱ्या बाजूला, ४ सप्टेंबर २०२५ ला ‘सिल्कसाँग’ हा गेम आला आणि खरेदीला एवढी झुंबड उडाली की स्टीमसकट दुकानं काही काळ कोलमडली. तो युनिटीतच बनलाय.

स्पायवेअरचा मुद्दा म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी. २०२२ मध्ये युनिटीने आयर्नसोर्स ही जाहिरात कंपनी घेतली. त्या कंपनीचा इन्स्टॉलकोअर हा जुना प्रकार अनेक अँटिव्हायरस नकोसं सॉफ्टवेअर म्हणून अडवायचे. असल्या कंपनीशी सोयरीक केली याबद्दल लोक चिडले, बरोबरच होतं. दुसरी गोष्ट ऑक्टोबर २०२५ ची. २०१७.१ पासूनच्या आवृत्त्यांत एक सुरक्षा त्रुटी सापडली, तिची दुरुस्ती निघाली आणि डेव्हलपरना गेम पुन्हा बिल्ड करायला सांगितलं गेलं. त्रुटी म्हणजे स्पायवेअर नव्हे. तुमचा गेम बाजारात असेल आणि अजून पॅच केला नसेल, तर हे वाचणं थांबवा आणि आधी ते करा.

आता त्या शेवटच्या ठळक ओळीकडे येतो, कारण खरा घात तिने केलाय. “दुसऱ्या इंजिनात नेणं आठवड्याभराचं काम.” हे लिहिणाऱ्याने आयुष्यात एक तरी गेम पूर्ण केलाय का?

भाचीची उडीच घ्या. युनिटीच्या टूडीमध्ये उभा अक्ष, म्हणजे वाय, वर वाढतो. गोडोच्या टूडीमध्ये वाय खाली वाढतो. युनिटीत गुरुत्वाकर्षण उणे ९.८१ युनिट, गोडोत ९८० पिक्सेल. म्हणजे चिन्ह उलटं आणि मापही वेगळं. हे तिने शोधून नीट केलं होतं. तरी पात्र कड्यावरून पडायचंच. रात्री स्क्रीन शेअर करून आम्ही दोघं बसलो. पात्राने कडा सोडल्यावरही क्षणभर उडी मारता यावी, अशी सोय तिने ठेवली होती. डेव्हलपर त्याला कोयोटी टाइम म्हणतात. खेळणाऱ्याला ती सोय जाणवत नाही, पण नसली तर गेम अन्याय करतोय असं वाटतं. तिने तो अवधी सेकंदांत मोजला नव्हता, फिजिक्सच्या ६ स्टेप मोजल्या होत्या. इंजिन हालचालींचा हिशेब ठरावीक अंतराने करतं, तो एकेक टप्पा म्हणजे स्टेप. युनिटीत मुळात सेकंदाला ५० स्टेप, म्हणजे ०.१२ सेकंद. गोडोत ६०, म्हणजे ०.१० सेकंद. दोन शतांश सेकंदांचा फरक! बोटांना तो कळत होता आणि डोळ्यांना दिसत नव्हता, म्हणून ११ दिवस ती भलतीकडेच शोधत बसली होती.

आणि ही एक उडी झाली. तिच्या गेममध्ये २२ लेव्हल आहेत. चित्रं आणि आवाज उचलून नेता येतात, पण सीन, प्रिफॅब (पुन्हा पुन्हा वापरायचे तयार भाग), ॲनिमेटरमधली सगळी जोडणी, ॲसेट स्टोअरवरून घेतलेली प्लगइन, शेडर (चित्र पडद्यावर कसं दिसावं ते ठरवणारा कोड), यातलं काहीही जसंच्या तसं जात नाही. गोडोत सी शार्प ही युनिटीतली प्रोग्रामिंग भाषा चालते हे खरं, पण भाषा तीच असली तरी इंजिनाशी बोलायची फंक्शनं निराळी. शिवाय कन्सोलवर जायचं असेल तर गोडो स्वतः तो कोड देऊ शकत नाही, कारण कन्सोलवाल्यांच्या गुप्ततेच्या अटी ओपन सोर्समध्ये बसत नाहीत. तिथे वेगळी कंपनी गाठावी लागते. गोडो चांगलं इंजिन आहे. माझ्याकडे त्यात केलेले छोटे प्रयोग आहेत आणि ते करताना मजा आली. नवा गेम नव्याने त्यात सुरू करा, मी स्वतः सोबत बसेन. पण शेवटाकडे आलेला गेम उखडून दुसरीकडे लावायला सांगणं म्हणजे फळ धरलेलं झाड मुळासकट उपटायला सांगणं आहे.

राहिला ‘कंपनी बुडतेय’ हा दावा. इथे मला काही गोष्टी कबूल कराव्या लागतात, मनाविरुद्ध का होईना. तोटा खरा आहे. २०२४ मध्ये सुमारे १८१ कोटी डॉलरचं उत्पन्न आणि ६६ कोटींच्या आसपास निव्वळ तोटा. जानेवारी २०२४ मध्ये १,८०० माणसं, म्हणजे जवळजवळ पाव कंपनी, कमी करायचं जाहीर झालं. वेटा डिजिटल या चित्रपटांचे व्हिज्युअल इफेक्ट करणाऱ्या कंपनीचं तंत्रज्ञान १६२ कोटी डॉलर मोजून घेतलं आणि दोन वर्षांत त्यातला मोठा भाग गुंडाळला. उत्पन्नातला मोठा हिस्सा इंजिनातून येतच नाही, जाहिरातींतून येतो. पैसा जिकडून येतो तिकडेच लक्ष जाणार, ही भीती अनाठायी नाही.

पण “बनलेले सगळे गेम बंद पडतील” हे साफ चूक आहे. युनिटीचा रनटाइम, म्हणजे गेम चालवणारा भाग, गेमच्या फाइलींतच बांधलेला असतो. गेम चालवायला कंपनीचा सर्व्हर लागत नाही, युनिटीच्याच ऑनलाइन सेवा वापरल्या असतील तर तेवढा भाग सोडून. धोका आहे तो बनवणाऱ्याला. एडिटर उघडायला लायसन्स सक्रिय असावं लागतं. इंजिनाचा गाभा बंद आहे, पैसे मोजल्याशिवाय त्याचा सोर्स मिळत नाही, त्यामुळे उद्या कंपनीने हात वर केले तर गोडोसारखं दहा लोकांनी मिळून ते पुढे नेणं शक्य नाही.

याहून जास्त मला खुपते ती अटींची गोष्ट. २०१९ मध्ये एका दुसऱ्या कंपनीशी वाद झाल्यावर युनिटीने शब्द दिला होता की जी आवृत्ती वापरता तिच्याच अटी तुम्हाला लागू राहतील. अटींतले बदल सगळ्यांना दिसावेत म्हणून त्या गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ठेवल्या. नंतर ती जागा गुपचूप नाहीशी झाली आणि २०२३ मध्ये जुन्या गेमनाही फी लावायचा घाट घातला. ब्रॉमबर्ग यांनी तोच शब्द पुन्हा दिलाय. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, त्यात त्याची काय चूक? शिवाय जुन्या आवृत्तीवर थांबायची मुभा असली तरी दुकानं थांबू देत नाहीत. गूगल प्लेने १ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या अँड्रॉइडसाठीच्या ॲपना मेमरीच्या १६ केबी पेज साइझवर चालायची अट घातली. इंजिनाची फार जुनी आवृत्ती धरून बसलेल्यांना अपडेट द्यायला हलावंच लागलं. तेव्हा ‘जुन्या अटी, जुनी आवृत्ती’ हे आश्वासन खरं असलं तरी त्याला मुदत असते.

हे सगळं मी भाचीला सांगितलं, आवडणारं आणि न आवडणारंही. तिने एकच विचारलं, “मग पुढचा गेम कशात करू?” मी म्हटलं, हा संपला की त्यातली एक लेव्हल दोन्हीत करून बघ आणि तेव्हा ठरव. मात्र या गेमचा कोड आतापासून असा लिही की नियम एकीकडे राहतील आणि इंजिनाशी बोलणारा भाग दुसरीकडे. आणि वेळ सेकंदांत मोज.

परवा ती युनिटीतल्या जुन्या ब्रँचवर, म्हणजे जपून ठेवलेल्या प्रतीवर, परत गेली. गोडोतलं ११ दिवसांचं काम तिने पुसलं नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलंय. ४ लेव्हल आणि शेवटचा बॉस एवढंच बाकी आहे. काल रात्री तिने नवा बिल्ड पाठवला, मी तो फोनवर दोनदा इन्स्टॉल केला. तिला एक सेंटही पडला नाही.