सोळा मात्रांचा टँकर

लातुरात शिकवण्यांच्या गल्लीत माझे झेरॉक्सचे दुकान आहे आणि रात्री दुकान बंद केल्यावर मी गाणी लिहितो. माझी वही चाळून एका संगीतकारांनी जेव्हा 'सगळे छान आहे, पण यात तुमचा स्वतःचा आवाज काही सापडत नाही,' असा अभिप्राय दिला, तेव्हा माझा दिवसाचा धंदा कोणता आहे याची त्यांना कल्पनाही नव्हती. मी मात्र घरी येईपर्यंत गप्प होतो. आईने कारण विचारले, ते मी सरळ सांगून टाकले, आणि त्याचा परिणाम असा झाला की पुढचे तीन दिवस मला सकाळी ज्येष्ठमधाची काडी आणि रात्री हळदीचे दूध घ्यावे लागले. गाणी लिहिताना घशाचा काही संबंध येत नाही, हे तिला पटले नाही ते नाहीच.

संगीतकारांचे म्हणणे खोटे नव्हते. वहीतल्या बेचाळीस गाण्यांपैकी अकरा गाण्यांत समुद्र होता. समुद्र मी वयाच्या तिसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला, तोही पाहुण्यांबरोबर घाईघाईत, आणि माझ्या लक्षात राहिला तो मुख्यतः त्याचा वास. तरीही 'लाटांवरती चंद्र झुलावा' ही ओळ मला सुचली त्या रात्री मी बोटांवर मात्रा मोजल्या होत्या. ला दोन, टां दोन, व एक, र एक, ती दोन, म्हणजे आठ. चं दोन, द्र एक, झु एक, ला दोन, वा दोन, म्हणजे पुन्हा आठ. आठ अधिक आठ, सोळा मात्रांचे निर्दोष पादाकुलक वृत्त! ओळीतल्या एकाही मात्रेवर बोट ठेवायला जागा नव्हती. अडचण एवढीच, की त्या ओळीतली लाट माझी नव्हती, चंद्र माझा नव्हता, आणि 'झुलावा' असे तर आमच्या घरात कोणी जन्मात म्हटलेले नव्हते.

गल्लीतल्या एका निवृत्त मराठीच्या सरांना मी उपाय विचारला. त्यांनी मला आपल्या मातीतले कवी वाचायला सांगितले, आणि मराठवाड्यात ही आज्ञा पाळणे फार जड जाते, कारण येथे जिकडे वळावे तिकडे कोणीतरी शेकडो वर्षांपूर्वीच गाऊन बसलेले आहे. नामदेव हिंगोलीकडच्या नरसीचे, जनाबाई गंगाखेडची, एकनाथ पैठणचे. आणि संतांपासून सुटका म्हणून उर्दूकडे वळावे, तर अठराव्या शतकातले सिराज औरंगाबादी हजर. ही मंडळी महिनाभर माझ्या डोक्यात मुक्कामाला होती. त्या महिन्यात लिहिलेल्या प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात मी स्वतःचे नाव घालू लागलो, कारण अभंगात 'जनी म्हणे' असते आणि गझलेच्या मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात, शायराचे टोपणनाव असते. आवाज सापडत नसेल तर निदान सही तरी करावी, असा माझा हिशेब होता. पण माझे नाव पुरुषोत्तम. सहा मात्रांचे हे नाव एकदा ओळीत शिरले की बाकीच्या शब्दांना अंग चोरून बसावे लागते.

एकनाथांनी मला अधिकच गोंधळात टाकले. त्यांच्या भारुडांत वासुदेव बोलतो, जोशी बोलतो, भुत्या बोलतो, आणि शेवटच्या सहीतसुद्धा 'एका जनार्दनी' म्हणून गुरूचे नाव जोडलेले असते. इतक्या जणांच्या तोंडून बोलूनही हा माणूस पहिल्या दोन ओळींत ओळखू येतो. मी मात्र बेचाळीस गाण्यांत 'मी, मी' करीत होतो आणि तरीही ते कोण बोलते आहे, याचा पत्ता मला स्वतःलाही नव्हता.

अशातच २०१६चा उन्हाळा आला. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते आणि लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणांजवळ पाच किंवा अधिक माणसांनी जमू नये म्हणून जमावबंदी लागू झाली होती. एप्रिलमध्ये तर मिरजेहून चक्क रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. त्या आठवड्यात मी 'श्रावणसरी' या विषयावर चौदावे गाणे लिहीत होतो, हे मला येथे कबूल केलेच पाहिजे. सर कशी कोसळते हे आठवत मी डोळे मिटून बसलेलो असताना रात्री साडेअकराला गल्लीच्या तोंडाशी इंजिनाची घरघर झाली आणि शेजारच्या काकू ओरडल्या, 'टँकर येलालं गं बाई!'

पुढच्या क्षणी सगळी गल्ली प्लास्टिकच्या घागरी घेऊन रस्त्यावर आली. मीही धावलो, पण रांगेत उभा राहिल्यावर सवयीने माझी बोटे हलू लागली. टँ दोन, क एक, र एक, ये दोन, ला दोन, म्हणजे आठ. लं दोन, गं दोन, बा दोन, ई दोन, म्हणजे आठ. ज्या सोळा मात्रांसाठी मी रात्र रात्र जागत असे, त्या काकूंनी एका हातात बादली धरून, झोपेतून उठताक्षणी, सहज फेकल्या होत्या. मोजण्याच्या नादात माझी दुसरी घागर रिकामी राहिली आणि आई मला जे बोलली ते छंदात बसणारे नव्हते.

त्याच रात्री मी ते ध्रुवपद धरून तीन कडवी लिहिली. पाईप टँकरमध्ये टाकायला वर चढलेला पोरगा, रांगेत माणसाऐवजी उभी असलेली घागर, पाणी संपल्यावर सगळ्यांचे एकदम खाली जाणारे आवाज, एवढेच त्यात होते. वही घेऊन मी संगीतकारांकडे गेलो. ते खूष झाले. 'अस्सल ग्रामीण!' असे म्हणून त्यांनी पेन्सिल काढली आणि म्हणाले, 'फक्त एवढे करा कवीराज, येलालं काढून तिथे येतंया घाला. ऐकणाऱ्याला ग्रामीण वाटले पाहिजे ना!' आता 'येतंया' म्हणणारा माणूस मी आजवर फक्त चित्रपटात पाहिला आहे. आमच्याकडे टँकर येलालं असते, पाहुणे जेवलाले असतात आणि पोरे अभ्यास करलालेत असे आईबाप खोटेच सांगत असतात. पण मराठी खेडूत म्हटला की त्याने कोल्हापूरकडचेच बोलावे, हे कधी कोणी ठरवले आणि मराठवाड्याला त्या बैठकीचे निमंत्रण का नव्हते, हे मला समजलेले नाही. मी पेन्सिल त्यांच्या हातातून हळूच काढून घेतली. ते गाणे तिथेच राहिले.

घरी वेगळाच आक्षेप निघाला. आई म्हणाली, 'असलं कुठं गाण्यात असतंय का रे? गाण्यात जरा चांगलं बोलावं. ते समुद्राचं किती छान होतं.'

गल्लीतल्या बायकांना मात्र ते आवडले, किंवा निदान पाठ झाले. दोन वर्षांनी दुकानात एक गृहस्थ लग्नपत्रिकेच्या प्रती काढायला आले आणि जाता जाता म्हणाले, 'सर, ते टँकरवालं गाणं हळदीला पाहिजे होतं. फक्त टँकर काढून तिथं वऱ्हाड घाला.' माझा स्वाभिमान दुखावण्याच्या आत माझी बोटे कामाला लागली. व एक, ऱ्हा दोन, ड एक: चार. टँकरही चारच. शब्द खटकन बसला, लिंगसुद्धा जुळले. मी पैसे घेतले नाहीत. म्हणजे गाण्याचे घेतले नाहीत, झेरॉक्सचे घेतले.

परवा दहा दिवसांनी आमच्या नळाला पाणी आले. मी आतल्या खोलीत नवीन ओळीशी झगडत होतो. न्हाणीत बादलीत धार पडल्याचा आवाज झाला आणि त्याच्यावर आईचा, स्वतःशीच, जराशा चालीत:

'पाणी येलालं गं बाई...'

पा दोन, णी दोन. मी बोटे मिटली. तेवढ्यात तिने चाल सोडून हाक मारली, 'अरे, मोजलालास काय बसून? घागरी आण आधी!'