बंड्याचं सुतक

कर्वेनगरातल्या आमच्या कट्ट्यावर भांडणं सहसा ट्रॅफिक आणि पाणीकपातीवरून होतात. रविवारी झालं ते कुत्र्यावरून.

मंद्याचा बंड्या जाऊन आठ दिवस झाले. गावठीच, एक कान कायम पडलेला. त्यासाठी मंद्याने तीन दिवस रजा टाकली हे नानांना कळलं आणि चहा यायच्या आत ते सुरू झाले. "अरे, चुलता गेला तेव्हा दुसऱ्या दिवशी कामावर होतास. आणि कुत्र्याचं सुतक?"

मंद्या गप्प. शिऱ्या भडकला. "नाना, आरएक्स हंड्रेड विकलीत तेव्हा दोन दिवस जेवला नव्हतात. आणि बंड्या तर किक न मारता दारात यायचा."

"गाडीचं वेगळं."

"बरं, धर्मराजाचं घ्या. इंद्राला सरळ म्हणाला, कुत्रा आत येणार नसेल तर मीही येत नाही."

"तो कुत्रा नव्हताच. साक्षात यमधर्म होता."

"ते युधिष्ठिराला आधी कुठे ठाऊक होतं?"

नानांनी चहा बशीत ओतला. म्हणजे लागलं. मी साताऱ्याचा, त्यामुळे मलाही राहवेना. संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं, असं आमच्याकडे सांगतात. छत्रपतींनी समाधी बांधली, आमच्या मंद्याने नुसत्या तीन सीएल टाकल्या.

"रडायला ना नाही," नाना जरा खाली आले. "पण इंजेक्शन द्यायला नको होतं. आपलं आपण गेला असता."

हे मात्र वाईट बोलले. संज्या तुटूनच पडला. "आपलं आपण म्हणजे कसं, नाना? तोंडात फोड, पाणीसुद्धा उलटून पडायचं. कुत्र्याची पाऊण किडनी निकामी होईपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन वाढत नाही. कळतं तेव्हा हातात फारसं काही उरलेलं नसतं."

आकडा बरोबर होता. पण 'दोन महिने आधी रक्त तपासलं असतं तर' हे मंद्याला रात्री दोन वाजता आठवतं, आणि तेव्हा संज्या नसतो.

"डोळे मिटत नाहीत रे त्यांचे," मंद्या पहिल्यांदाच बोलला. "डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. पहिलं इंजेक्शन गुंगीचं. डोकं माझ्या मांडीवर टाकलं त्याने. मग दुसरं. मी तीनदा पापण्या मिटवल्या, तीनदा उघडल्या."

चहावाल्याने ग्लास उचलायला हात घातला आणि तसाच मागे घेतला.

"तेरा वर्षांचा होता ना?" बऱ्याच वेळाने नाना म्हणाले.

"साडेतेरा."

"आरएक्स अकरा वर्षं होती माझ्याकडे," नाना पुटपुटले आणि सगळ्यांच्या चहाचे पैसे देऊन उठले. शिऱ्याला ते अजून खरं वाटत नाहीये.