काकांचं बटण

वेबसाइट करणाऱ्याचं निम्मं काम कोडचं आणि निम्मं भाऊबंदकीचं. नाशकात रविवार कारंजाजवळच्या एका चिवडेवाल्यांची साइट घेतली आणि मेन्यूत काय काय ठेवायचं हे ठरवायला अख्खं घर बसलं. आप्पांना 'आमचा वारसा' पाहिजे. काकांना 'संचालकांचे मनोगत', संचालक तेच. वहिनींना 'पाककृती', धाकट्या चिरंजीवांना 'इनोव्हेशन'. जावईबापूंनी पुण्याहून फोनवर 'करिअर' सुचवलं. दुकानात माणसं चार, चारही घरची. चिवडा विकत घ्यायचं पान कुणालाच आठवलं नाही. मी विषय काढला तेव्हा ते 'इतर'मध्ये टाकायचं ठरलं.

थेट लग्नपत्रिकाच झाली. निमंत्रक, प्रेषक, चिमुकल्यांचा आग्रह, सगळे मानाने विराजमान. मुहूर्त आणि कार्यालय तेवढं भिंग लावून शोधायचं.

"सातच ठेवा," चिरंजीव म्हणाले. "माणसाच्या डोक्यात सातच गोष्टी राहतात. सायन्स आहे." तो सात जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाच्या १९५६ सालच्या लेखातला, आणि तो आहे लक्षात ठेवण्याबद्दल. मेन्यू डोळ्यांसमोर असतो, तो पाठ कोण करतं? पण बैठकीत मतं सातच असल्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

मग मोबाइल. मोबाइलवर मेन्यू त्या तीन आडव्या रेघांमागे लपतो. नॉर्म कॉक्स यांनी झेरॉक्सच्या स्टार संगणकासाठी काढलेल्या रेघा, १९८१ पासून चालत आलेल्या. आप्पांनी त्या बघितल्या आणि हात जोडले. "त्र्यंबकराजाचं भस्म! वरच ठेवलंत, बरं केलंत." जिला नमस्कार करायचा ती खूण माणूस दाबणार कशी? मी शेजारी 'मेन्यू' असं सरळ लिहून टाकलं.

काकांचा अंगठा हे वेगळंच प्रकरण. 'मनोगत' दाबायला जावं तर खालचा 'उपवासाचा चिवडा' उघडायचा. बटण निदान ४८ डीपीचं (डीपी हे पडद्यावरचं माप) असावं असं गूगल सांगतं. गूगलने काकांचा अंगठा बघितलेला नाही. बटणं मोठी केली, तर सात मावेनात. कुणाचं कापायचं? सगळे माझ्याकडे बघायला लागले.

म्हटलं, गिऱ्हाइकांना विचारू. एकेका पानाचं नाव एकेका चिठ्ठीवर लिहून गल्ल्याशेजारी मांडलं आणि येणाऱ्याला म्हणायचं, यांचे गठ्ठे लावा. पंचवटीच्या एका मावशींनी चिठ्ठ्यांना हातसुद्धा लावला नाही. "अर्धा किलोला किती आणि सिडकोत लेकीकडे पोचवाल का, एवढं सांगा." एका गृहस्थांनी 'आमचा वारसा' उचलून उलटसुलट केली. "नवीन आलाय का? कमी तिखट असेल तर पाव किलो द्या."

आप्पा त्यानंतर बराच वेळ काही बोलले नाहीत.

वर आता चारच उरली: चिवडा, भाव, घरपोच, दुकानाचा पत्ता. बाकी कुटुंब तळपट्टीत. काका चिडणार हे दिसतच होतं, म्हणून सांगितलं, "काका, तळपट्टी प्रत्येक पानावर दिसते. 'भाव' काय, येतो नि जातो." काका खुलले. लगेच फोटोही काढून आणला, फेट्यासकट.

तळपट्टीत डावीकडून पहिलं नाव कुणाचं, याची बैठक बुधवारी आहे, गंगेवरचा बाजार उरकल्यावर. जावईबापू या खेपेला फोनवर नाहीत, जातीने येताहेत.