आजी, तुमचं वय काय?

वीसेक वर्षांपूर्वी माझी पहिली नोकरी होती लोकांना वय विचारत फिरण्याची. घरोघरी जाऊन आरोग्य सर्वेक्षणाचे फॉर्म भरायचे. माण तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या, एक जीप, आम्ही सहा जण आणि पोरांची उंची मोजायची जड फळी.

"आजी, वय काय तुमचं?"

"असंल साठ. पाचधा इकडं तिकडं."

साठ लिहून पुढे गेलं की काम झालं. पण असं करत गेलं तर अख्ख्या गावात माणसं पन्नास, पंचावन्न, साठ अशीच निघतात, सत्तावन्न वर्षांचं कुणी सापडतच नाही. जगभर लोकसंख्येचे अभ्यासक आकडे हाती आले की आधी हे शून्याचे आणि पाचाचे ढीग शोधतात. ढीग जितके उंच, तितका त्या आकड्यांवरचा भरवसा कमी. म्हणून आम्हाला घटनांची यादी दिलेली असायची: 1967 चा कोयनेचा भूकंप, 1972 चा दुष्काळ. "भूकंपात केवढ्या होतात आजी?" "आरं, थोरला पोटात हुता की!" झालं, आता हिशोब लागतो. तान्ह्या पोरांसाठी विचारायचं, बेंदराच्या आधीचा की नंतरचा?

हे आठवायचं कारण म्हणजे मानव विकास निर्देशांक, म्हणजे आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न धरून संयुक्त राष्ट्रं देशांचा जो क्रम लावतात तो. 2025 च्या अहवालात भारत 193 देशांत 130 वा. दर वर्षी अशी बातमी आली की माझ्या फेसबुकच्या भिंतीवर दोन टोळ्या उभ्या राहतात. एक म्हणते "बघा, लाज वाटली पाहिजे", दुसरी म्हणते "परदेशी कारस्थान". गंमत म्हणजे क्रमांक वर गेला की या टोळ्या जागा बदलतात. आकडा आला कसा, हे कुणालाच नको असतं. मला मात्र आधी तेच विचारायचं असतं: हे दुसऱ्यांदा कुणी मोजलं? एकदाच मोजलेल्या आकड्यावर माझा विश्वास नाही.

आमच्याच टीमचं सांगतो. घरात पाच वर्षांखालचं मूल असलं की फॉर्म लांबायचा. लसी, जुलाब, अंगावरचं दूध, मग रडणाऱ्या पोराला फळीवर आडवं धरून लांबी. संध्याकाळचे सात वाजलेले, जीपवाला हॉर्न देतोय. अशा वेळी आमच्यातला एक जण चार वर्षांच्या पोराला सरळ पाच वर्षांचं करून टाकायचा. सुटला! पण सुपरवायझर काही घरांत न सांगता परत जायचे आणि तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. बॅक-चेक म्हणायचो आम्ही त्याला. गडी तिथे सापडला. नसता सापडला, तरी वयाच्या तक्त्यात चारला खड्डा आणि पाचला उंचवटा दिसलाच असता. ही चलाखी आफ्रिकेपासून आशियापर्यंत इतक्या सर्वेक्षणांत झाली आहे की तो खड्डा शोधणं हा तपासणीचा ठरलेला भाग आहे.

दोनदा मोजण्याची सगळ्यात देखणी युक्ती आपल्याकडची आहे, आणि ती आपल्याला शाळेत कुणी शिकवत नाही. 1940 च्या दशकात कलकत्त्याजवळच्या सिंगूरमध्ये जन्म-मृत्यूंच्या नोंदी किती सुटतात, हा प्रश्न होता. लोकसंख्येचे अभ्यासक सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकेचे संख्याशास्त्रज्ञ डेमिंग (जपानी कारखान्यांच्या गुणवत्तेमुळे पुढे गाजले तेच) यांनी 1949 साली उत्तर छापलं. एकमेकांशी न बोलणाऱ्या दोघांनी एकाच गावातले जन्म मोजायचे. समजा पहिल्याला 90 सापडले, दुसऱ्याला 80, आणि दोघांच्या याद्यांत सारखे निघाले 72. म्हणजे 18 फक्त पहिल्याकडे, 8 फक्त दुसऱ्याकडे. 18 गुणिले 8 भागिले 72, बरोबर 2. हे दोन जन्म कुणाच्याच यादीत नाहीत, तरी ते झालेत! एकूण 100. न दिसलेल्या बाळांची संख्या काढणारं हे गणित मी पहिल्यांदा सोडवलं तेव्हा अंगावर काटा आला होता. अट एकच, दोघांनी चहाच्या टपरीवर याद्या जुळवायच्या नाहीत.

आपली नमुना नोंदणी पद्धत याच विचारावर उभी आहे. गावातली शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका वर्षभर जन्म-मृत्यू टिपते, दर सहा महिन्यांनी सुपरवायझर स्वतंत्रपणे घरोघर फिरतो. दोन्ही याद्या लावून पाहतात आणि न जुळलेल्या नोंदींसाठी पुन्हा दारात जातात. भारताचं आयुर्मान ठरवताना संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञही याच नोंदींचा आधार घेतात. म्हणजे त्या "परदेशी" निर्देशांकाच्या मुळाशी कुठलीतरी अंगणवाडीताई आहे.

आता उलटं उदाहरण. कुठल्या देशात धंदा करणं किती सोपं, याचा क्रम लावणारा जागतिक बँकेचा 'डुइंग बिझनेस' अहवाल. 2015 च्या अहवालात आपण 142 वे, 2020 च्या अहवालात 63 वे. केवढे फलक लागले होते! वकील, सीए, सल्लागार यांच्याकडून एका काल्पनिक कंपनीबद्दल प्रश्नावल्या भरून घ्यायच्या आणि अख्ख्या भारतासाठी शहरं दोन, मुंबई आणि दिल्ली. इचलकरंजीतल्या यंत्रमागवाल्याला वीजजोडणी किती दिवसांत मिळते, याच्याशी त्याचा संबंध नाही. पुढे चीन, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि अझरबैजान यांच्या आकड्यांत गडबड आढळली (भारताच्या नाही, हेही सांगायला हवं) आणि सप्टेंबर 2021 मध्ये बँकेने अहवालच बंद केला. फलक उतरवताना मात्र कुणी दिसलं नाही.

पैशांत मोजलेले आकडे जास्त भक्कम, असं वाटत असेल तर नायजेरियाकडे बघा. 2014 मध्ये त्यांनी जीडीपीचं आधारवर्ष (ज्या वर्षाच्या किमती धरून हिशोब करतात ते) 1990 वरून 2010 वर आणलं आणि अर्थव्यवस्था कागदावर 89 टक्क्यांनी मोठी झाली. मोबाइल कंपन्या, सिनेमा उद्योग जुन्या हिशोबात नीट मोजलेच जात नव्हते. आपल्या बाबतीत उलटं झालं. देशोदेशीच्या किमती ताडून पाहणाऱ्या जागतिक मोजणीत भारत 1985 नंतर थेट 2005 च्या फेरीत उतरला, आणि खऱ्या किमती हाती आल्यावर क्रयशक्तीनुसारचा (म्हणजे त्या पैशांत इथे किती वस्तू येतात हे धरून काढलेला) आपला जीडीपी आधीच्या अंदाजापेक्षा जवळपास 40 टक्क्यांनी कमी निघाला. चीनचंही तसंच. त्या दिवशी कुणाच्या ताटातली अर्धी भाकरी कमी झाली नव्हती. आधीचा अंदाजच दुरून बांधलेला होता.

म्हणून मला क्रमांकापेक्षा मोजणी थांबण्याची भीती जास्त वाटते. 1984 पासून 90 हून अधिक देशांत आरोग्य सर्वेक्षणांना हात देणारा अमेरिकी निधीचा डीएचएस (डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हेज) कार्यक्रम फेब्रुवारी 2025 मध्ये एका फटक्यात बंद केला गेला. आपलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण त्याच कुळातलं; ते मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून होतं. आणि आपली 2021 ची जनगणना? ती गेली 2027 वर. सर्वेक्षणासाठी गाव निवडलं की तिथली घरं नव्याने मोजतात, हे खरं. पण ते गाव निवडलं जाण्याची शक्यताच 2011 च्या लोकसंख्येवरून ठरते. पुण्याच्या वाघोलीत त्यानंतर उभ्या राहिलेल्या सोसायट्यांचं वजन त्या यादीत कुठून येणार?

त्या आजींच्या घरीही बॅक-चेक झाला होता. सुपरवायझरांनी पुन्हा वय विचारलं. आजी म्हणाल्या, "त्या पोरानं भूकंपापासनं मोजून लिवलंय, त्यालाच इचार. मी आपली साठच सांगणार."