रात्रपाळीचा आठवडा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

"घर एक, संस्कार एक. तरी बहीणभावाचं पटलं नाही याचं खापर तुम्ही आईवडिलांवर फोडता. आम्ही पाच भावंडं चाळीत वाढलो, कधी बिनसलं नाही," असं तुम्ही माझं आणि धाकट्या भावाचं लहानपणी का पटलं नाही, या माझ्या लेखावर लिहिलंत. त्यातलं बाबांबद्दलचं माझं एक वाक्य जास्तच तिखट होतं, मान्य. पण 'घर एक' हे काही मला पटत नाही.

ठाण्यात वर्तकनगरला आमच्या दोन खोल्या. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात, दर तिसऱ्या आठवड्याला रात्रपाळी. सकाळी ते झोपले की आई कडी वाजू नये म्हणून तिला चिंधी गुंडाळायची. मी कोपऱ्यात चित्रं काढत बसायचे. त्यात माझा शहाणपणा काही नाही, मी मुळातच घुमी. धाकट्याला मात्र भिंतीवर बॉल आपटल्याशिवाय चैन पडायचं नाही. बाबा उठले की धपाटा, वर "ताईकडे बघ जरा!" मग तो माझ्या वहीची पानं फाडायचा, मी आईकडे जायचे, की दुसरा धपाटा.

तोच मुलगा मे महिन्यात आजोळी मामाचा जीव की प्राण. विहीर, गोठा, आंब्याची झाडं. "पोरगं दमतच नाही," हे तिथे कौतुक होतं. माणूसघाणी ठरायचे ती मी!

थॉमस आणि चेस या मानसोपचारतज्ज्ञ जोडप्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमधल्या मुलांचा कित्येक वर्षं अभ्यास केला. मुलाचा उपजत स्वभाव आणि घराच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो का, हे त्यांच्या लेखी महत्त्वाचं. (सोपी, अवघड, हळूहळू रुळणारी असे तीन गट त्यांनी पाडले, आणि सुमारे ३५ टक्के मुलं एकातही बसली नाहीत. मला हे फार आवडलं.) रात्रपाळीच्या आठवड्यात आमच्या घराशी माझा मेळ बसायचा, त्याचा नाही. यात बाबा तरी काय करणार? झोप न झालेल्या माणसाला रात्री पुन्हा मशिनवर उभं राहायचं असायचं.

तुमच्या चाळीला लांबलचक गॅलरी असेल, खाली अंगण, शेजारची दारं उघडी. पाचातलं दांडगं पोर दिवसभर बाहेरच हुंदडत असणार. आमच्याकडे दार बंद.

हे लिहिण्याआधी भावाला फोन केला. म्हणाला, "चिंधीबिंधी काही आठवत नाही गं. तू माझं नाव सांगायला धावायचीस, ते आठवतं."