माळवदाची माती वाढवावी की वर तूस घालावा? एका आक्षेपाला उत्तर

'अथणी-रायबागकडची जुनी घरं नुसत्या मातीच्या माळवदाखाली गार राहायची. तिथे तुसाचं इन्सुलेशन कशाला? माती चार बोटं वाढवा की,' असं तुम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या या कमी पावसाच्या भागाबद्दल लिहिलंय. (माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर, तूस म्हणजे भाताची टरफलं.) भिंतींपुरतं हे मला पूर्ण मान्य आहे, छपरापुरतं नाही.

भिंतीवर ऊन काही तास पडतं, तेही तिरपं. छप्पर मात्र दिवसभर तापतं, आणि आपल्याकडे मेच्या सुरुवातीला दुपारचा सूर्य नेमका डोक्यावर असतो. माती उष्णता फारशी अडवत नाही. साठवते आणि उशिरा सोडते. वीतभर जाडीचं माळवद ती सहा-आठ तासांनी आत सोडतं, म्हणजे ऐन झोपायच्या वेळी. पूर्वी उन्हाळ्यात माणसं अंगणात नाहीतर माळवदावरच झोपत, त्यामुळे ते जाणवत नसे. आता आपण दार लावून खोलीत झोपतो.

कोरड्या तुसाचा 2 इंच थर जेवढी उष्णता रोखतो, तेवढी रोखायला माती जवळजवळ 2 फूट लागेल. आणि 10 बाय 12 च्या खोलीवर फक्त 2 इंच माती वाढवली तरी तुळयांवर सुमारे एक टन भार चढतो. पावसात भिजली की त्याहून जास्त.

माती काढायची नाहीच. ती खाली हवी, तूस वर. किलचनावर, म्हणजे तुळयांवर अंथरलेल्या लाकडी काठ्या-फळ्यांवर, 4 इंच माती चोपून पूर्ण वाळू द्या, भेगा बुजवा. मग चुन्याच्या पातळ रबडीत कालवलेला तूस 3 इंच पसरा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी गळू नये. हलकाच चोपा, घट्ट ठोकला तर आतली हवा जाते आणि उपयोगही. तो वाळल्यावर 1 इंच चुन्याचा गिलावा, पन्हाळीकडे 10 फुटांना 3 इंच उतार, वर पांढरा चुना. दिवाळीनंतर काम धरा, म्हणजे प्रत्येक थराला वाळायला वेळ मिळतो.

गळतीच्या भीतीने मध्ये प्लास्टिकचा कागद मात्र घालू नका. ओल अडकते, तूस कुजतो, किलचन सडतं, आणि ओला तूस उष्णता रोखतही नाही. रात्री खिडक्या उघड्या हव्यात, नाहीतर आतली माती निवणार कशी?

बेळगाव जिल्ह्याच्याच घाटाकडच्या, जास्त पावसाच्या खानापूर-जांबोटीकडे यातलं काही करू नका. त्या पावसात मातीचं माळवद टिकत नाही. तिथे कौलंच ठेवा, माळ्याच्या फळ्यांवर 3 इंच कोरडा तूस पसरा आणि कौलांखाली वारा खेळायला वळचणीला व आढ्याला फट सोडून उंदरांसाठी बारीक जाळी मारा.